सुकं वजन

सेंटरात जाताना एकसष्ट चारशे,
बाहेर येताना एकोणसाठ.
मधले चार तास मी बाकावर.
सिस्टर म्हणते, मावशी,
ह्यांचं ड्राय वेट एकोणसाठच ठेवायचं.
मला हसू येतं.
ऐरोलीच्या बाजारात तीस वर्षं
सुकंच तोललंय मी,
जवळा, वाकट्या, सोडे.
पाणी उडाल्यावर काय उरतं
ते माझ्या तागडीला विचार.

आता घरात सुकट शिजत नाही.
बटाटा चिरून रात्रभर भिजत,
सकाळी ते पाणी मोरीत.
शहाळं बंद. लोणच्याची बरणी शेजारी दिली.
पाण्याची बाटली दिवसाला एक,
तिच्यावर मी नेलपॉलिशने रेघा मारल्यात.
कमरेएवढ्या खाडीत जन्म काढलेला माणूस
तिसऱ्या रेघेशी येऊन थांबतो,
बर्फाचा खडा गालात धरून
दुपार ढकलतो.

अंगाला खाज सुटते, तेव्हा
खोबरेल चोळते पाठीवर.
परवा चिडून म्हणाले,
"मलाबी टांगलंस गो वलांडीवर!"
मी काही बोलले नाही.
जेवणाबरोबरची गोळी
भाताच्या कडेला ठेवली.

रात्री त्यांच्या डाव्या हातावर,
शीर जोडलीय तिथे,
तळवा ठेवून बघते.
थरथर रोज लागली पाहिजे,
डॉक्टरांनीच शिकवलंय.
लागते.
धक्क्यापासून लांब गेलेल्या
आमच्या विकलेल्या होडीचं इंजिन
अजून चालू असल्यासारखी.
झालं, कळलं, म्हणून हात काढायचा असतो.
मी काढत नाही लगेच.