एक दाब, दोन दाब

बटाटे निघाले की ते शेत महिनाभर कुणाचंच नसतं.
कागदोपत्री असतं, सहकारी संस्थेचं,
पण सप्टेंबरअखेर, वारा पडलेल्या संध्याकाळी
मोरावियाच्या पठारावरचं ते उताराचं रान
क्वेतोस्लावचं.
आणि थोडंसं माझं,
कारण फेकायचं काम माझ्याकडे.

मी गावात टपाल टाकते. खांदा मजबूत आहे,
एवढ्या पात्रतेवर त्यानं मला नेमलं
सोळा वर्षांपूर्वी, दारातच, पेन्शनच्या पावतीवर सही करता करता.

विमानाचं वजन पाव किलो लोणी, वर एक अंडं.
फासळ्या त्यानं जानेवारीत कापल्या,
बाल्साचा भुसा चहात पडत होता, तो तसाच पीत होता.
वर पातळ कागद, कागदावर लाखेचे तीन हात.
वाळला की टिचकी मारून बघायचं:
तापवलेल्या डफासारखा बोलला पाहिजे.
पंख अंगाशी बांधायला रबरबँड.
इंजिन अंगठ्याएवढं.
त्याला कमी-जास्त कळत नाही,
पेटलं की टाकीतलं संपेस्तोवर ओरडतं.

आणि रेडिओ म्हणजे पत्र्याचा डबा,
डब्यावर एकच बटण.
एकदा दाबून धरलं तर उजवीकडे.
दोनदा, तर डावीकडे.
सोडलं की सरळ.

पोस्टातल्या नव्या पोराकडे चार पंख्यांचं खेळणं आहे,
हात काढले तरी हवेत जागच्या जागी थांबतं.
क्वेतोस्लाव म्हणाला,
थांबायचंच होतं तर वर कशाला गेलं?

यंदाच्या पहिल्या संध्याकाळी मी फेकलं.
चढलं, जळक्या एरंडेलाचा वास माझ्या केसांत ठेवून,
आणि तळ्याकडे कलायला लागलं.
"उजवीकडे," तो स्वतःशी म्हणाला, आणि दाबलं.
विमान डावीकडे गेलं.
पुन्हा दाबलं.
डावीकडे.
कार्प माशांच्या तळ्यावर
दावणीला बांधल्यासारखं ते गोल गोल, गोल गोल.
मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही,
अंगठ्याकडे पाहिलं.
अंगठा दाबत होता एकदाच
आणि थरथरत होता.
डब्याला काय कळणार,
यातला एक दाब त्याचा नि दुसरा आजाराचा.

मग टाकी संपली. एकदम ऐकू आलं
की गावात कुणीतरी लाकडं फोडतंय.
विमान बिनआवाजाचं खाली आलं, लव्हाळ्यात.
गमबूट घालून मी आत गेले,
कागद ओला, सैल, म्हाताऱ्या गालासारखा.
"बटण गंजलंय," तो म्हणाला.
"गंजलं असेल," मी म्हणाले.

पुढचे दोन रविवार त्याचं दार बंद.
तिसऱ्या रविवारी मी टपालाची पिशवी न घेता गेले
आणि खुंटीवरचा डबा गळ्यात अडकवला.
"आज फेकायचं तू."
"मी कधी फेकलेलं नाही."
खरंच नव्हतं. चाळीस वर्षं तो बटणाच्या बाजूला उभा.

पंख्याला बोट मी मारलं,
तिसऱ्या झटक्याला पेटलं, नखाशेजारी लाल रेघ उठली.
त्यानं विमान डोक्यावर धरलं.
विमान थरथरत होतं.
हात थरथरत होता.
कुणाची थरथर कुणात चालली होती
ते देवालाही निवडता आलं नसतं.
"असंच होतं का?" इंजिनावरून तो ओरडला.
"असंच!" मी ओरडले. "थेट खांद्यापर्यंत!"
सोळा वर्षांत हे सांगायचं राहून गेलं होतं,
त्यानं विचारलं नव्हतं.

फेक वाईट होती.
नाक वर, डावा पंख खाली, सरीच्या मातीला पोट घासलं,
आणि मग कसं कोण जाणे, उचललं.
मी त्याच्या हुकमाची वाट बघत राहिले.
तो विसरलाच.
हात तसाच पुढे, पंजा उघडा,
बाहीपर्यंत तेल.
मी काही दाबलं नव्हतं, त्यामुळे विमान सरळ चाललं होतं,
सरळ, पाइनच्या रानाकडे, लहान लहान होत.

"अगं, दाब!"
"कितीदा?"