भरतीचं वेळापत्रक

मिसेस ओल्डरॉइड मला लहानशा खुर्चीत बसवतात,
गुडघे हनुवटीशी,
आणि एक कागद पुढे सरकवतात.
नऊ गुणाकार. नऊही चुकलेले.
खुणा हिरव्या शाईत, लाल शाईनं मुलं दुखावतात म्हणून.
"मृण्मयी थोडी मागे पडतेय."
हे नाव नीट म्हणता यावं म्हणून
त्यांनी आठवडाभर सराव केला होता,
त्यामुळे मला भांडताही येत नाही.

बाहेर हल शहराचा वारा, चिखलाचा खारा वास.
बसस्टॉपवर ती सीगल मोजत उभी,
एका पायातला बूट सुटलेला.

सांगलीहून आत्या म्हणतात,
मुलाचे पाय पाळण्यात दिसतात गं.
दिसले असतील.
तिसऱ्या वर्षी साबणाची वेष्टनं वाचायची,
पण त्याच पायांतल्या बुटांची नाडी
सातव्या वर्षीही बांधता येत नाही तिला.
स्वेटरचं लेबल मानेला टोचतं
म्हणून अर्धा तास रडते,
आणि हुंदक्यांच्या मधेच विचारते,
शून्याच्या आधी कोण होतं?

रात्री भांडी झाल्यावर कागद पुन्हा उघडला.
आठ सत्ते छप्पन्न. हिनं लिहिलं सत्तावन्न.
नऊ सक चोपन्न. लिहिलं छप्पन्न.
सात सत्ते एकोणपन्नास. लिहिलं त्रेपन्न.
एकनं चूक. दोननं. चारनं.
पुढे सहानं, सातनं,
मग सहा, चार, दोन, एक.

मी पाणी प्यायला उठले
आणि फ्रिजसमोर थांबले.
तिनंच चुंबकानं लावलेलं, कडा चुरगळलेलं,
हंबरच्या भरतीचं वेळापत्रक.
खाली तिच्या पेन्सिलीनं मंगळवारचे नऊ तास, पाणी किती मीटर:
एक, दोन, चार, सहा, सात,
आणि परत खाली.

नऊ वेळा असं चुकायला
नऊ वेळा उत्तर माहीत असावं लागतं.

सकाळी विचारलं.
कॉर्नफ्लेक्स एकेक करून दुधात बुडवत म्हणाली,
"सगळं बरोबर आलं की निळ्या टेबलावर पाठवतात.
केझिया पिवळ्यावर आहे.
आणि चुकायचंच, तर चुकीला काहीतरी अर्थ हवा ना?"

खोटं कशाला सांगू,
पहिल्यांदा हात फोनकडेच गेला. आत्यांना सांगू दे.
मग आठवलं,
सातवीच्या स्कॉलरशिपला जिल्ह्यात दुसरी आले होते मी.
हार घातला, पेढे वाटले,
आणि दुसऱ्या दिवसापासून
मी वर्गात हात वर करून "कळलं नाही" म्हणणं सोडलं.
हुशार मुलीला कळलेलं असतं.
अजूनही, ऑफिसात,
मी न कळलेल्या गोष्टींवर मान डोलावते.

फोन ठेवून दिला.

मिसेस ओल्डरॉइडनी दोन्ही कागद शेजारी ठेवले.
चष्मा काढला. पुसला. परत लावला.
"मला चूक दिसली," म्हणाल्या, "ती दिसली नाही."
मग, "आपण काय करूया?"
त्या 'आपण'वर मी जवळजवळ रडले असते.
म्हटलं, जास्त गणितं नकोत, वेगळी द्या.
बक्षीस म्हणून वीस आणखी, असं तर नकोच.
चुकली तर चुकू दे, खरीखुरी.
आणि केझियापासून उठवू नका.

शनिवारी दोघींना घेऊन धक्क्यावर गेले.
ओहोटी. तपकिरी चिखल चकाकत पसरलेला,
त्यात एक सायकल, चाक वर करून.
केझियानं खाली बसून, न सांगता,
मृण्मयीच्या बुटाची नाडी बांधली, दुहेरी गाठ,
जशी रोज बांधत असणार.

"आई, गेलेलं पाणी आत्ता कुणाकडे असतं?"
सवयीनं तोंड उघडलं. चंद्र, गुरुत्वाकर्षण, सगळं तयार होतं.
मिटलं.
चंद्र तिला माहीत होता. तिनं 'कुणाकडे' विचारलं होतं.
"मला नाही माहीत," मी म्हणाले.
तिनं माझ्याकडे पाहिलं,
वर्गात नवीन मुलगी आल्यावर पाहतात तसं.

"हॉलंडकडे," केझिया म्हणाली. "माझे आजोबा सांगतात."
"शक्यच नाही," मृण्मयी म्हणाली,
आणि दोघी भांडत पुढे गेल्या.