छापील भाव

तुह्या तिसऱ्या पिक्चरवर मी लुना घेतली, जयंतकुमार,
पाचाचं तिकीट पंचवीसले विकून,
बर्डीवर, मे महिन्याच्या उन्हात.
पोट्टे लायनीत शर्ट फाडून घेत.

आता तू साठीचा,
अन् पुन्हा कॉलेजात.
बापाचा रोल आला होता म्हने,
तू नाई म्हनलं.
साळा पानठेला देत होता,
मीबी नाई म्हनलं.

आज खिडकीवर छापील भावात तिकीट काढलं.
आत आम्ही नऊ जन अन् घरघरता कूलर.
जिना चढता चढता तुले दम लागला,
खराखुरा,
तेवढा तुकडा कापाचा राहून गेला कोनाकडून.

हात खिशात गेला, चिल्लर उधळाले.
मंग म्हनलं, राहू दे,
पार्किंगवाला दहा घेते.