मापात न बसलेली

लष्करात, दौलतगंजात, घड्याळाच्या दुकानावरच्या माडीत
उमाकांत शितोळे अठराशे अठ्ठावन्नचं मुरार मांडतायत.
प्लायवर तोफा, घोडे, धुरासाठी कापूस.
शिपाई अचूक मापाचे : एकास बहात्तर.

साधी माणसं मात्र कुठल्याच डब्यात येत नाहीत.
ती आणली खेळण्यातल्या रेल्वेच्या फलाटावरून,
एकास सत्त्याऐंशी.
तेवढीच जरा लहान.

बाईच्या हातची सूटकेस कापून
एम-सीलची घागर दिली,
ओव्हरकोटाचं लुगडं केलं. हमालाची टोपी तासून पागोटं.

"काका, ही तोफेच्या तोंडीच आली की,"
मी म्हटलं.
चिमट्यानं त्यांनी तिला बोटभर सरकवलं.

तिच्यामागे शेळ्या राखणारं पोर होतं,
ते आता समोर आलं.

त्यालाही उचललं.
त्याच्या पायाचं फेविक्विक सुकत आलं तरी
चिमटा हवेतच.