फाईल वापरात आहे

तळघरात, बटाट्यांच्या राशीशेजारी
सर्व्हर घुमतो. डिस्क भरलीय, सत्त्याण्णव टक्के.
हेल्ये कालेवचाच कोट अंगावर घेऊन
एकेक फोल्डर तोलते.
लेकीच्या लग्नाचा व्हिडिओ, एकच, तीन ठिकाणी.
दोन उडवले. जेमतेम टक्काभर जागा.

मग त्याचं फोल्डर: मधमाश्या.
अकरा हिवाळे, रोज रात्री,
पेटीला माइक लावून टिपलेली गुणगुण.
बाकी काही नाही. मध्येच कुठे त्याचा खोकला.

तिनं बटण दाबलं.
पडद्यावर उमटलं:
पुसता येत नाही, फाईल वापरात आहे.

कोणाच्या?
यादीत एकच नाव,
वरच्या खोलीतला तानेलचा लॅपटॉप.
रात्रीचे पावणेदोन.

ती पायरीवर टेकली.
उद्या तार्तूहून नवी डिस्क आणू, म्हणाली,
बटाट्यांनाच बहुतेक.