चराईतलं लॉक

अंगठ्याएवढं होतं ते, करड्या रंगाचं,
कॉम्प्युटरच्या पाठीत खोचलेलं.
अठ्ठ्याण्णव साली अकरा हजार मोजले,
आईच्या पाटल्या त्यात गेल्या,
पावती मी देवाच्या फोटोमागे ठेवली.
लॉक असलं की अक्षरं उमटायची,
काढलं की सगळ्या पत्रिकेचे चौकोन.

पलीकडच्या गाळ्यात भगवान भोईर.
त्याच्याकडे तेच फॉन्ट, चाळीस रुपयांच्या सीडीवर.
लॉक नाही, पावती नाही,
आणि कधी काही अडलं नाही.
माझ्याच पिना वाकायच्या,
ऐन लग्नसराईत पोर्ट सैल व्हायचं,
कंपनीचा फोन दोन ते चार बंद.
मग फोनच बंद. मग कंपनी.

परवा लॉक गेलं.
गुळवण्यांच्या मुंजीच्या तीनशे पत्रिका अडकल्या.
रुमालात बांधून नेलं ते
कोपरखैरण्याला, टिपणिसांकडे.
प्रोग्राम त्यांनी लिहिलेला, असं ऐकून होते.
बाल्कनीत कंपनीची पाटी,
तुळशीच्या कुंडीखाली, पाणी निथळायला.

लॉक तळहातावर घेऊन म्हणाले,
"याला सात महिने लागले मला.
ळ काढायला नऊ दिवस.
उलट करायला हवं होतं."
मग विचारलं, "तुमची प्रत कितवी?"
पावतीवर होतं: दोनशे बारा.
"दोनशे चाळीस खपल्या एकूण.
आता कुठलाही फलक बघा,
वाढदिवसाचा, निवडणुकीचा, भावपूर्ण श्रद्धांजलीचा,
ळ माझाच असतो."
आवाजात राग नव्हता.
हिशेब जुळत नाही म्हणून माणूस
पुन्हा पहिल्यापासून मोजतो, तसं बोलत होते.

इतकी वर्षं भोईरला मी चोर म्हणत आले.
टिपणिसांपुढे बसून वाटलं, म्हणावंच.
पण कुलूप लागलं ते
किल्ली विकत घेणाऱ्या माझ्याच दाराला,
हेही त्यांना सांगायचं होतं.
सांगितलं नाही. चहा आला होता.

"उघडी प्रत माझ्याकडेही नाही," ते म्हणाले,
"डिस्क उडाली, त्यालाही झाली बारा वर्षं.
त्या तुमच्या शेजाऱ्याकडेच असेल."
आणि पावतीच्या पाठीवर लिहून दिलं:
यांना माझी अक्षरं वापरू द्यावीत.
खाली सही, तारीख.

भोईरनं पेन ड्राइव्ह भरून दिला, पैसे घेतले नाहीत.
पावती मात्र उलटीसुलटी करून
दोनदा वाचली.
"आहे म्हणजे माणूस अजून," म्हणाला.
मग, स्क्रीनकडे बघत,
"मला देतील का असं एक लिहून?"

रविवारी घरी असतात, मी सांगितलं.
जाताना काहीतरी घेऊन जा.