दोनाचं दान

बोर्लेंगेच्या वाहन-तपासणी केंद्रात
तेवीस वर्षं माझं काम होतं लोकांना सांगणं :
आरशाला टांगलेलं तेवढं काढा,
समोरचं दिसायला हवं.

लोक काढायचे. कुरकुरत.
पुठ्ठ्याचं हिरवं झाड, ज्याचा वास कधीच उडालेला,
तान्ह्या पायातला एकच मोजा,
पोलंडहून आलेल्या सुताराची अंबरची जपमाळ,
आणि एकदा, खरंच सांगते, दातांची वरची कवळी.
मी विचारलं नाही.
फॉर्मवर त्यासाठी रकाना नव्हता.

यालमार ब्रिंक यायचा वर्षाआड, मे महिन्यात,
रस्त्यावरचं हिवाळ्याचं मीठ धुऊन गेल्यावर.
एकसष्ट सालची शेव्हरोले, पिस्त्याच्या रंगाची,
कुणा अमेरिकन दंतवैद्याची म्हणे आधी,
जहाजातून गॉथेनबर्गला उतरलेली.
आमच्या आवारात ती वळायची
चिंचोळ्या बोळात गाभण गाय वळावी तशी.

आरशाला दोन फासे.
दुकानातले ते केसाळ नव्हेत,
तसले तेव्हा आमच्याकडे मिळायचेच नाहीत.
हे गुन्व्होरनं विणलेले, एकोणसत्तरच्या हिवाळ्यात,
आपला लाल स्वेटर उसवून.
आत फाटके नायलॉनचे मोजे कोंबलेले.
आणि विणताना ती चुकली :
एका फाशावर पाच दोनदा,
दोन कुठेच नाही.

"बघ," यालमार म्हणायचा दर खेपेला, जसं पहिल्यांदाच,
"याच्यावर दोनाचं दान पडूच शकत नाही."
शेजारच्या सीटवरून गुन्व्होर :
"मग उसव, आणि विण तूच."

फासे त्याच्या कोटाच्या खिशात जायचे,
दोरी बाहेर लोंबत.
मी दिवे बघायची, ब्रेक,
खड्ड्यात उतरून हातोडीनं ठोकायची तिचं पोट, गंज कुठवर आलाय ते.
शिक्का. सही.
आणि फाटकापाशी गाडी थांबायची.
टांगायचा तो, गाठ मारायची ती.
मी खिडकीतून बघत नसे.
म्हणजे, बघत असे.

दोन हजार तेराच्या मेमध्ये तो एकटा आला.
तेवीस वर्षांची जीभ, ती आपली आपण वळली :
आरशाला टांगलेलं तेवढं...
त्यानं हात वर नेला.
गाठ सुटेना.
मी म्हटलं, कात्री देऊ?
म्हटलं, आणि वाटलं, तोंडातच ठेवायला हवी होती.
"तिची आहे," तो म्हणाला. "गाठ."

मग मीच बसले चाकामागे,
आरसा माझ्या उंचीला फिरवला.
लोकर काचेकडून विटून सामन मासळीच्या रंगाची,
माझ्याकडून अजून लाल.
समोर सगळं दिसत होतं :
फाटक, बर्चची झाडं, पेट्रोलपंपाची पाटी.
आणि मागे वळून पाहिलं तर तो,
पलीकडचं दार उघडं धरून उभा,
कुणीतरी उतरायचं आहे अशा बेतानं.

समोरची दृश्यता : ठीक, असं मी लिहिलं.
त्या केंद्रात खोटं असं मी एकदाच लिहिलं.
किंवा एकदाही नाही.

आता कायदाच बदललाय.
पन्नाशी उलटलेल्या गाड्यांना कुणी तपासायला बोलावत नाही.
मलाही नाही.
जूनमध्ये, अंधार पडायचं विसरतो त्या दिवसांत,
त्या सगळ्या रांगेनं तळ्याकाठच्या रस्त्यानं जातात,
काचा खाली, कोपरं बाहेर,
आणि मी बाकावर आइस्क्रीम खात बघत बसते
कुणाच्या आरशाला काय हलतंय.

परवा एक पिस्त्याच्या रंगाची गेली.
चालवणारी विशीतली पोरगी,
यालमारची नात असेल, नसेलही.
काचेवर उन्हाची तिरीप होती.
आत काहीतरी हललं, लालसर.
ठिपके मोजायला
मी बाकावरून उठलेसुद्धा.